कराडहून चिपळूणला, कोयनेच्या काठाने: गाडी कशी न्यावी, कुठे थांबवावी

पुण्याची पाहुणेमंडळी गुहागरला निघाली की वाटेत पाटणला आमच्याकडे चहाला थांबतात. कप खाली ठेवता ठेवता ठरलेला प्रश्न येतो, "काकू, घाट अजून किती लांब?" माझं उत्तरही ठरलेलं आहे: घाट कुठे पळून जात नाही, आधी सांगा येताना नदी पाहिलीत का? मग एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, "हो हो, डाव्या बाजूला होतं बहुतेक काहीतरी."

ते काहीतरी म्हणजे कोयना. कराडपासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत हा रस्ता तिच्याच खोऱ्यातून जातो आणि मग कुंभार्ली घाटाने कोकणात चिपळूणला उतरतो. सगळं मिळून नव्वदेक किलोमीटर. सरकारी कागदात तो गुहागर-विजापूर महामार्ग आहे, पण महामार्ग म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं ते इथे शोधू नका. कुठे रुंद काँक्रीट, तर कुठे जुनं डांबर आणि मधेच रवंथ करत बसलेली म्हैस. पाटणला आम्ही याला चिपळूण रोड म्हणतो आणि माझ्या माहेरी खेर्डीला याचंच नाव कराड रोड. माहेर आणि सासर एकाच रस्त्यावर असल्याने १९९४ साली लग्न झाल्यापासून माझी ये-जा यावरूनच. पहिली सोळा वर्षं एसटीने गेले, पुढे स्टिअरिंग हातात आलं. त्यामुळे खाली जे सांगते ते गाडी चालवणारीचं आहे आणि खिडकीत बसून गेलेलीचंही.

निघायची वेळ

कराड ते हेळवाक खोरं जवळजवळ सरळ पूर्व-पश्चिम आहे. याचा अर्थ चालवणाऱ्याने नीट समजून घ्यावा. सकाळी कोकणाकडे निघालात तर सूर्य पाठीशी असतो, समोरचे डोंगर उजळलेले, नदी चकाकते. दुपारी चारला कराड सोडलंत तर तोच सूर्य पाटणपर्यंत थेट डोळ्यांत, समोरची काच धुरकट आणि पुढची सायकल दिसत नाही. वर घाटात पोचेपर्यंत अंधार. म्हणून नियम सोपा: जाताना सकाळी, परतताना दुपारनंतर. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी कराडला मुक्काम करावा आणि सहाला निघावं.

पेट्रोल कराडला किंवा फार तर पाटणला भरून घ्या. खिशात थोडी रोख असू द्या, कारण करवंदं विकणाऱ्या आजीबाईच्या फोनला रेंज असतेच असं नाही. गाडीत ज्याला गाडी लागते, त्याला घाटाच्या अर्धा तास आधी आलेपाक किंवा आवळासुपारी द्या आणि पुढच्या सीटवर बसवा. पोटभर मिसळ खाऊन मागच्या सीटवर मोबाईल बघत बसलेला पोरगा दुसऱ्याच वळणाला बोलतो. हे अनुभवाचे बोल आहेत, सीटकव्हर धुतलेल्या हातांचे.

कराड ते पाटण

पुण्याकडून येणारे बरेच जण उंब्रजला वळून मल्हारपेठला या रस्त्याला लागतात. वेळ वाचतो, मान्य. पण पहिल्यांदा येत असाल तर कराडपर्यंत या आणि प्रीतिसंगमावर पंधरा मिनिटं द्या. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. तिथून निघाल्यावर एकीने एक खोरं धरलं, दुसरीने दुसरं, आणि इथे कराडात त्या समोरासमोर येऊन भेटतात. शेजारून येऊन मिसळत नाहीत, अगदी तोंडासमोर तोंड. मग काटकोनात वळून एक होऊन पूर्वेला जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे. आमच्या सासूबाई इथे आल्या की पाण्याला हात लावून म्हणायच्या, "दोघी बहिणी लगीन झाल्यावर भेटल्यात गं." मला तेव्हा हसू यायचं. आता माझी बहीण सांगलीला आहे आणि आम्ही वर्षातून एकदा भेटतो.

इथून पुढे मल्हारपेठेपर्यंत सपाट, बागायती पट्टा. दोन्हीकडे ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेल, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, तर या तुकड्यात घाटापेक्षा जास्त जपा. मी गंमत करत नाही. घाटात सगळे घाबरून चालवतात, इथे रस्ता सरळ म्हणून सुटतात. आणि समोर असतो दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ऊस दोन्ही अंगाला हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. अंधारात तो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी धरा, एकीची नव्हे. मागची ट्रॉली सरळ चालत नाही, ती शेपटीसारखी हलते. ट्रॅक्टरवाल्याच्या कानाशी बहुधा गाणी लागलेली असतात, तुमचा हॉर्न त्याला ऐकू येईल या भरवशावर राहू नका.

नदी डाव्या हाताला सोबत असते, पण मधे मळे असल्याने सतत दिसत नाही. पाहायची असेल तर निसरे फाट्याला डावीकडे वळून पुलापर्यंत जा. गाडी पुलावर उभी करू नका, अलीकडे लावा आणि चालत या. जानेवारीत सकाळी इथे पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो आणि खाली कुणीतरी बैल धुत असतं. बस, एवढंच आहे. पण गुहागरच्या समुद्राचे तुमच्याकडे शंभर फोटो असतील, हा एकही नसेल.

नवारस्ता ओलांडलात की शेतं बघत चला, त्यांच्यावरून तुम्ही किती वर आलात ते कळतं. ऊस विरळ होत जातो. भुईमूग, सोयाबीन, ज्वारी येते. पाटणच्या पुढे भाताची खाचरं सुरू होतात, आणखी वर डोंगरउतारावर नाचणी, आणि मग नुसतं रान. मैलाचा दगड वाचायची गरज नाही. उजवीकडच्या उंच पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या की समजा पाटण आलं. ते वनकुसवड्याचं पठार.

पाटणला केरा नदी कोयनेला मिळते. गाव साधंच आहे. स्टँडजवळ चहा घ्या, टायरमधली हवा तपासा. दोन तास हाताशी असतील तर दातेगड करा, लोक त्याला सुंदरगडही म्हणतात. टोळेवाडीपर्यंत गाडी जाते. वर खडकात खोदलेली विहीर आहे, आकाराने हुबेहूब तलवारीसारखी, आणि आत उतरायला कातळातच पायऱ्या. तिथे मे महिन्यातसुद्धा गारवा असतो. मी आमच्या मुलाला घेऊन गेले होते, तेव्हा तो वरूनच ओरडला, "आई, मूठ कुठंय याची?" तुम्हीही शोधा, दिसते.

पाटणच्या पुढे

इथून खोरं अरुंद होतं आणि डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. येराड, संगमनगर धक्का, हेळवाक अशी गावं मागे पडत जातात. येराडला येडोबाची चैत्रात मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत गाडी रांगणार हे धरून चला आणि चिडू नका. एरवी हा तुकडा सगळ्यात निवांत. काचा खाली करा, एसी बंद करा. इथे हवेलाच वेगळा वास आहे, पावसाळ्यात ओल्या मातीचा आणि उन्हाळ्यात वाळलेल्या पानांचा.

हेळवाकला नदीची खरी गोष्ट कळते. महाबळेश्वरहून निघाल्यापासून कोयना सह्याद्रीच्या रांगेला समांतर, दक्षिणेकडे वाहत आलेली असते. कोकण तिच्या उजव्या हाताला अगदी जवळ, मधे एक डोंगर. आणि इथे येऊन ती एकदम पूर्वेला वळते आणि घाटावर, म्हणजे देशाकडे, जाते. लहानपणी भूगोलात शिकवलं होतं, पण नकाशावरची रेघ आणि प्रत्यक्ष खोऱ्याने घेतलेलं वळण यांत फरक आहे. तुम्ही पूर्वेकडून येता आणि खोरं एकाएकी उत्तरेकडे तोंड फिरवतं. त्या तोंडावर धरण.

कोयना धरण १०३ मीटर उंच आहे आणि साठवण १०५ टीएमसीची, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. पावसाळाभर पेपरात रोज हा आकडा छापून येतो, शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. धरणावर जाता येत नाही, तेव्हा तिथल्या गेटवर हुज्जत घालू नका. कोयनानगरच्या नेहरू उद्यानात जा, तिथून भिंत छान दिसते आणि पोरांना खेळायला जागाही आहे. पावसाळ्यात आला असाल तर नवजाच्या रस्त्याने ओझर्डे धबधब्यापर्यंत जावं. अंतर दहाएक किलोमीटर. छत्री नेऊ नका, उपयोग नाही. रेनकोट न्या, तोही फारसा उपयोगी नाही. नवजाचा पाऊस वरून पडत नाही, तो चहूबाजूंनी येतो. आणि हो, जळवा. पँट मोज्यात खोचा आणि मिठाची पुडी खिशात ठेवा.

हा सगळा डोंगर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे संध्याकाळनंतर रस्त्याकडेला गाडी थांबवून गाणी लावणं, बाटल्या टाकणं बंद. गव्यांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला तर लांब थांबा, दिवे मंद करा, हॉर्न अजिबात नको. एक गेला म्हणून पुढे सरकू नका, मागून आणखी येतात.

कोयनानगरला राहणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगते. रात्री कधी मांडणीवरची भांडी खुळखुळली तर दचकू नका. इथे बारीक धक्के नवे नाहीत, आम्ही पाटणला झोपेत कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. पण सासरे हयात होते तोवर त्यांना ते जमलं नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांनी पाहिली होती. त्या भूकंपात कोयनानगर जवळजवळ भुईसपाट झालं आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. घरात पाऊल ठेवायचं धाडस होईना म्हणून लोक कडाक्याच्या थंडीत कित्येक रात्री अंगणात, शेतात झोपले, असं ते सांगत. भांडं वाजलं की ते पहिल्यांदा दाराची कडी काढत, मग दिवा लावत. क्रम तोच, मरेपर्यंत. उघडं दार आधी. तुम्हीही झोपण्यापूर्वी दार कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेवा, एवढंच.

घाट उतरताना

आता तुमच्या आवडीचा विषय. घाटमाथा नावाचं गावच आहे वर. सातारा जिल्हा संपतो, रत्नागिरी सुरू होतो. घाटावरच्या बाजूने चढ फारसा जाणवत नाही, पण पलीकडे जमीन एकदम पायाखालून काढून घेतल्यासारखी खाली जाते. त्यामुळे कराडहून येणाऱ्याला कुंभार्ली घाट म्हणजे मुख्यतः उतार. आणि उतार चढापेक्षा अवघड.

माथ्यावर गाडी थांबवाच. चहा घ्या. भजी बघून मन होतं, पण ती परतीच्या वेळी. घरी फोन करून "घाट उतरतोय" म्हणून कळवा, मधे रेंज जाते. मग गाडी चालू करा आणि उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका. उतार लागल्यावर नाही, आधी.

हे मला कुणी सांगितलं ते ऐका. २०११ चा मे महिना. मी पहिल्यांदाच एकटीच्या जोरावर घाट उतरवत होते, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर माझ्या आईसाठी घेतलेली गुळाची ढेप. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. मला वाटत होतं मी फार जपून चालवते आहे. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं तरी काय तरी करपलंय." करपत आमचंच होतं. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खोल गेला, लोण्यात गेल्यासारखा. नशिबाने पुढे रुंद जागा होती, तिथे हँडब्रेक ओढून थांबले. हात थरथरत होते. मागून एक कांद्याचा ट्रक आला, विजापूरकडचा, आणि ड्रायव्हर वास घेतच खाली उतरला. चाकाजवळ हात नेला, लावला नाही. मी पाण्याची बाटली काढली चाकावर ओतायला, तर तो ओरडलाच. "पाणी नको अक्का! तापल्या तव्यावर पाणी टाकतीस काय? तडकंल सगळं." मग म्हणाला, "अर्धा तास बस. आणि पाय काढ ब्रेकवरनं. ज्या गिअरात घाट चढतीस, त्याच गिअरात उतर. गाडीला इंजिन धरतंय, पाय नव्हं."

अर्धा तास बसलो. सासूबाईंनी त्याला ढेपेतला गूळ फोडून दिला. आईकडे ढेप पोचली ती एका कोपऱ्याला खाल्लेली.

तर गाडी धरते ती इंजिनाने. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरायला लागेल, आवाज चढेल. घाबरू नका, तो आवाज म्हणजे ते काम करतं आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. तरीही वेग वाढतो आहे असं वाटलं तर ब्रेक दाबा, पण घट्ट आणि थोडा वेळ, मग पूर्ण सोडा. हलकासा पाय सतत टेकवून ठेवायचा नाही, ब्रेक तापतात ते त्यानेच. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको. अवघड वळण असेल तर पहिला गिअर घ्यायला लाजू नका. मागचा हॉर्न वाजवतो आहे? वाजवू द्या. जागा मिळाली की डावीकडे घेऊन त्याला जाऊ द्या. गाडी ऑटोमॅटिक असेल तर 'डी'वर ठेवून सोडून देऊ नका. 'एल' असेल तर 'एल', नाहीतर हाताने गिअर बदलायची सोय असेल ती वापरा. आपल्या गाडीत काय आहे ते घरी असताना बघून घ्या, घाटात पुस्तक काढून नव्हे.

आणि न्यूट्रल. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर न्यूट्रल करणारे, क्वचित चावीच फिरवणारे महाभाग मी पाहिले आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि स्टिअरिंग जड. वाचलेल्या पेट्रोलचे किती पैसे झाले हे मोजायला माणूस राहिला पाहिजे.

ट्रकचं गणित वेगळं असतं. खालून चढणाऱ्या अवजड गाडीला वळणावर सगळा रस्ता लागतो. पुढचं तोंड तुमच्या बाजूला येतं आणि मागचं धूड आतल्या कडेला घासत येतं. तेव्हा वळणात शिरून मग "आता काय करू" म्हणत बसू नका. वळणाच्या आधी हॉर्न द्या, ऐका. पलीकडून उत्तर आलं किंवा इंजिनाचा घर्र घर्र आवाज आला की वळणाच्या अलीकडे, गाडीची लांबी-दीड लांबी मागे, थांबा. चढणाऱ्याला वाट द्यायची, हा रस्त्याचा नियमच आहे. शिवाय भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा हलवताना त्याच्या ड्रायव्हरच्या तोंडून तुमच्या घराण्याचा उद्धार होतो. आतल्या मोकळ्या जागेतून डोकं घालायचा मोह तर मुळीच नको. ती जागा मोकळी नसते, मागच्या चाकांची असते.

एसटी समोरून आली तर निर्धास्त राहा. त्या ड्रायव्हरला घाटातला दगड न् दगड ओळखीचा. तो हाताने खूण करेल ते ऐका.

माकडांना काही देऊ नका. दिलंत की काच खाली असलेल्या पुढच्या प्रत्येक गाडीत ती घुसतात.

पावसाळ्यात

सगळ्यांना पावसाळ्यातच यायचं असतं. या, पण आधी चौकशी करून. माझी पद्धत जुनी आहे. कराड किंवा पाटण स्टँडच्या चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, "चिपळूण गाडी सुटली का?" एसटी गेली तर रस्ता चालू. एसटी बंद तर तुमच्या गाडीला चार चाकं जास्तीची नाहीत, परत फिरा. ॲपवरचा नकाशा दरड पडल्यावरही निळी रेघ दाखवत असतो.

पेपरात किंवा फोनवर "कोयनेचे सहा वक्र दरवाजे उघडले" वाचलंत तर नदीकाठी उतरायचं नाही, खालच्या जुन्या, बुटक्या पुलांवर गाडी घालायची नाही. पाटणजवळचा मुळगावचा पूल, संगमनगर धक्क्याचा जुना पूल, हे पाण्याखाली जाणारे. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. तो ऐकून व्हिडिओ काढायला खाली धावणारी मंडळी दरवर्षी दिसतात. काय बोलावं.

घाटात धुकं असेल तर दिवे खालीच ठेवा. वर केलेत तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळता आहात कळत नाही. आतून काच धुरकटली तर एसीची हवा काचेवर सोडा, फडक्याने पुसत चालवू नका. काहीच दिसेनासं झालं तर रुंद जागा बघून थांबा, डोंगराच्या पोटाशी नाही. डोंगरावरून लाल पाणी, बारीक दगड येत असतील तर तिथे एक मिनिटही नको.

जुलै २०२१ मध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, आणि त्याच दिवसांत खाली चिपळूण आणि आमची खेर्डी पाण्यात होती. दोन्ही घरं एकाच वेळी संकटात, मधला रस्ता बंद. तीन दिवस आईचा फोन लागला नाही. तेव्हापासून पावसाळ्यात माझ्या डिकीत दोरी, टॉर्च, बिस्किटं आणि पाच लिटर पाणी असतं. मला कुणी हसतं, कुणी त्यातली बिस्किटं खातं.

खाली उतरल्यावर

पोफळी गाव आलं की हवा बदलते. कानात दडे बसले असतील तर गिळा, सुटतील. अंगाला घाम चिकटायला लागतो, माड आणि पोफळी दिसतात, जांभा दगडाच्या भिंती. रस्ता शिरगाव, पिंपळी करत खेर्डीला आणि बहादूरशेख नाक्याला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. आता गिअर वर घ्या, पण ब्रेक पाच मिनिटं थंड होऊ द्या.

इथे थांबून एक गोष्ट बघायची. मघाशी म्हटलं ना, कोयना हेळवाकला पाठ फिरवून घाटावर गेली? माणसांनी तिचं पाणी परत या बाजूला वळवलं. धरणाचं पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटात शिरतं, साडेचारशे मीटरहून जास्त खाली येतं, पोफळी आणि अलोऱ्याच्या वीजगृहांतली चाकं फिरवतं आणि चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला मिळतं. कोयनेच्या सगळ्या वीजगृहांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. तुम्ही घाट उतरत होता तेव्हा तेही उतरत होतं, तुमच्यापेक्षा कितीतरी लवकर. म्हणून एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या बाकी नद्यांचे गोटे उघडे पडतात, तेव्हाही वाशिष्ठीला पाणी असतं. वीज बनवायचं यंत्र चालू असेल तसं ते वाढतं, ओसरतं. त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा अनोळखी जागी पोरांना पाण्यात सोडू नका. आत्ता गुडघ्याएवढं असलेलं पाणी तासाभरात कमरेला लागतं.

लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मी माहेरी आले, तेव्हा आई नदीवर गोधड्या धुवायला घेऊन गेली होती. पाणी चढायला लागलं तशी तिने गोधडी वर ओढली आणि मला म्हणाली, "चल गो वरती. तुझ्या सासरचं पाणी आलं." अजूनही म्हणते. आता नदीवर जात नाही, पण संध्याकाळी पुलावरून पाणी वाढलेलं दिसलं की फोन येतो.

परतीचा चढ सोपा आहे. दुसरा गिअर, इंजिन तापल्याचा काटा वर गेला तर एसी बंद, आणि चढावर मधेच थांबायचं नाही. माथ्यावर भजी. आमसुलं, सुकट, कोळंबीचं लोणचं डबाबंद करून आणा, काही होत नाही. फणसाचं मात्र ऐका. कापा असो वा बरका, पिकलेला फणस डिकीत घालून काचा बंद करून घाट चढू नका. कच्चा घ्या, किंवा खालीच फोडून गरे डब्यात भरा. ज्यांना कधी गाडी लागत नाही अशी दोन माणसं मी त्या वासाने घाटमाथ्यावर उतरवली आहेत, त्यातले एक आमचे हे.